खुराड्यात कोंबडे किती ठेवावेत?



उसाचे बिल हप्त्याने येते, पण घरचे मीठ-मिरची अंड्यांवर भागते. म्हणून हा हिशेब समजून घ्यावा.

कोंबडा नसला तर अंडी मिळत नाहीत, असा समज आहे. तो खरा नाही. तलंग साधारण सहा महिन्यांची झाली की अंड्यावर येतेच. नर लागतो तो पिल्लांसाठी. शिवाय घार दिसली की ओरडून कळपाला सावध करतो. दहा माद्यांना एक नर पुरे. जास्त झाले की आपसात झुंजतात आणि माद्यांच्या पाठी उघड्या पडतात.

माद्यांतही मानाची उतरंड असते. कोणी कोणाला टोचायचे हे ठरलेले असते. नॉर्वेच्या श्येल्डरूप-एब्बे यांनी १९२२ साली ते मांडले. तेव्हा दाणा-पाणी दोन-तीन जागी ठेवा, म्हणजे दुबळीलाही मिळेल.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात फलित अंड्यात गर्भ वाढू लागतो व अंडे लवकर नासते. विकायची अंडी असतील तर नर वेगळा कोंडावा. त्यानंतरही दोन-तीन आठवडे काही अंडी फलित निघतात, म्हणून हे काम फाल्गुनातच उरकावे.

तिसऱ्या महिन्यात नराचा तुरा मोठा, लाल होतो. पाठीची पिसे टोकदार येतात, मादीची गोल राहतात. तेव्हाच जादा नर बाजार दाखवावेत. फुकटचा दाणा कशाला चारायचा?