समुद्रकाठचे स्वस्त घर : भाडे, हक्क आणि हिशेब

मुले आपापल्या व्यवसायात स्थिरावली, पेढीची जबाबदारी पुढच्या पिढीने उचलली, की अनेकांच्या मनात एक विचार डोकावू लागतो. आयुष्यभर गर्दीत आणि दगदगीत काढले, आता समुद्रकाठी निवांत राहावे. पूर्वी हा विचार अलिबाग-दापोलीपर्यंत जाऊन थांबत असे. अलीकडे तो परदेशापर्यंत पोहोचला आहे, आणि त्यात व्हिएतनाममधील दा नांग या शहराचे नाव वारंवार ऐकू येते. बँकेतल्या नोकरीची ओळख असल्याने परिचित मंडळी मला विचारतात, "तिथे खरेच स्वस्त पडते का?" प्रश्न रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर केवळ घरभाड्यात शोधले, तर हिशेब चुकण्याचा संभव अधिक.

प्रथम शहराविषयी. दा नांग व्हिएतनामच्या मध्य किनाऱ्यावर, हान नदीच्या मुखाशी वसले आहे. मी खे हा त्याचा लांबच लांब, स्वच्छ पुळणीचा किनारा. उत्तरेस सोन त्रा हा वनाच्छादित डोंगर समुद्रात शिरला आहे आणि त्याच्या उतारावर सुमारे ६७ मीटर उंचीची शुभ्र बोधिसत्त्वमूर्ती उभी आहे. नदीवरील ड्रॅगनच्या आकाराचा पूल २०१३ मध्ये खुला झाला. सुमारे ३० किलोमीटरवर होई आन हे जुने व्यापारी बंदर आहे; जपानी आणि चिनी व्यापाऱ्यांच्या तेथील पेढ्या व घरे आजही जपलेली आहेत. त्याहून पुढे मी सोन येथे चाम राजांनी बांधलेल्या शिवमंदिरांचे अवशेष व संस्कृत शिलालेख आहेत. युनेस्कोने १९९९ मध्ये या स्थळाचा जागतिक वारशात समावेश केला. आपल्या माणसाला हे शहर सर्वस्वी परके वाटत नाही, ते यामुळेच.

आपल्या कुटुंबांचा पहिला प्रश्न आहाराचा असतो. तेथे बहुतेक पदार्थांत 'नुओक माम' हे माशांपासून केलेले द्रव घालतात. वरकरणी भाजीची वाटणारी वाटीही त्यातून सुटत नाही. मात्र बौद्ध परंपरेमुळे शाकाहारी भोजनगृहेही पुष्कळ आहेत. त्यांच्या पाटीवर 'चाय' हा शब्द असतो. त्याचा आपल्या चहाशी काही संबंध नाही, त्याचा अर्थ शाकाहार. अनेक लोक चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी असाच आहार घेतात. विहारांच्या परंपरेत कांदा-लसूणही वर्ज्य आहे. तथापि अळंबी, गाजर, मुळा, रताळी यांचा वापर सर्रास होतो. म्हणून कंदमुळे न खाणाऱ्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघराखेरीज तेथे दीर्घकाळ राहण्याचा विचार करू नये. तांदूळ, पालेभाज्या, नारळ व फळे मुबलक मिळतात.

आता स्वस्ताईकडे वळू. किनाऱ्याजवळील सुसज्ज, एका शयनगृहाच्या सदनिकेचे भाडे साधारण ३०० ते ५०० डॉलर असते. अमेरिकेतून आलेल्या निवृत्त माणसाला ही रक्कम क्षुल्लक वाटते. मुंबईकरालाही ती परवडणारी वाटेल. परंतु सांगली, बारामती किंवा जालन्यातील स्वतःच्या घरात राहणाऱ्याला तो नवा खर्चच आहे. स्वस्त हा शब्द वस्तूपेक्षा ती घेणाऱ्याच्या चलनाविषयी अधिक सांगतो. २००५ च्या सुमारास एका रुपयाला साधारण ३६० डोंग मिळत. २०२५ मध्ये साधारण ३०० मिळतात. डॉलरपुढे डोंग घसरला, तसा रुपयाही घसरला, किंबहुना थोडा अधिकच. उत्पन्न रुपयात आणि खर्च डोंगमध्ये असणाऱ्याने ही बाजू नजरेआड करू नये.

याहून महत्त्वाचा प्रश्न राहण्याच्या हक्काचा आहे. थायलंडमध्ये पन्नाशी ओलांडलेल्यांना आठ लाख बाट तेथील बँकेत ठेवून वर्षभराचा निवृत्ती परवाना मिळू शकतो. व्हिएतनाममध्ये अशी निवृत्तांसाठी स्वतंत्र सोय नाही. ऑगस्ट २०२३ पासून मिळणारा ई-व्हिसा जास्तीत जास्त ९० दिवसांचा असतो. मुदत संपताच देशाबाहेर जायचे, नवा व्हिसा घ्यायचा, परत यायचे. तिशीतल्या संगणकतज्ज्ञाला हे जमते. पंचाहत्तरीच्या, गुडघेदुखीच्या गृहस्थाला दर तीन महिन्यांनी कसे जमावे? गुंतवणूकदाराला परवाना मिळतो. पण तीन वर्षांपर्यंतच्या निवासपत्रासाठी किमान ३ अब्ज डोंग, म्हणजे साधारण एक कोटी रुपये, व्यवसायात घालावे लागतात. परदेशी व्यक्तीला सदनिका घेता येते, तीही सामान्यतः ५० वर्षांच्या मुदतीने आणि एका इमारतीतील ३० टक्के सदनिकांच्या मर्यादेत. शिवाय सदनिका घेतली म्हणून देशात राहण्याचा हक्क मिळत नाही.

तिसरी बाजू पैशाच्या वाटेची. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली प्रत्येक निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर परदेशी पाठवता येतात. ही सवलत व्यक्तीला आहे. भागीदारी पेढी अथवा एचयूएफ यांना नाही. घरखर्चासाठी वा गुंतवणुकीसाठी पाठवलेली रक्कम वर्षात १० लाख रुपयांच्या पुढे गेली, की वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस कापला जातो. तो विवरणपत्रात वळता करता येतो, पण तोपर्यंत पैसा अडकतो. कायमच्या वास्तव्याच्या इराद्याने गेल्यास बचत खाते एनआरओ करावे लागते, त्यावरील व्याजातून ३० टक्के आणि वर अधिभार कापला जातो, १५-एच अर्ज चालत नाही आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवे खाते उघडता येत नाही. व्हिएतनाममध्ये वर्षात १८३ दिवस राहिल्यास तेथील करकायदाही लागू होतो. उभय देशांत दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे. तरी विवरणपत्रे दोन होतात.

आजारपणाचा विचार सर्वात शेवटी येतो, वास्तविक तो सर्वात आधी यावा. भारतातील बहुतेक आरोग्य विमा पत्रे परदेशातील उपचारांचा खर्च देत नाहीत, आणि उतारवयात नवा परदेशी विमा महाग पडतो. हवामानही ध्यानात घ्यावे. आपला पावसाळा सरतो, तेव्हा तेथला सुरू होतो. सप्टेंबर ते डिसेंबर पाऊस, त्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुराचे व वादळांचे भय. २००६ च्या झँगसेन वादळाने या शहराची मोठी हानी केली होती.

मग जाऊच नये काय? अवश्य जावे, मात्र घर विकून नव्हे. फेब्रुवारी ते एप्रिल तेथील हवा कोरडी व सुखद असते, आणि हा काळ ९० दिवसांच्या व्हिसात नेमका बसतो. तीन महिन्यांचे भाडे, विमानप्रवास व प्रवास विमा यांची रक्कम आधी बाजूला काढावी. येथील घर, येथील खाते, येथील विमा आणि येथील निवासी दर्जा जसाच्या तसा राहू द्यावा. ज्याला परतीचे दार उघडे आहे, त्यालाच परक्या किनाऱ्यावर निश्चिंतपणे बसता येते. राहते घर विकून गाठलेला किनारा कितीही स्वस्त असला, तरी तेथे आपण दर ९० दिवसांनी पाहुणेच ठरतो; आणि उतारवयात पाहुणेपणाची किंमत भाड्याच्या पावतीवर लिहिलेली नसते.