शेपूट मागेच राहिली पाहिजे

आतेभावाने माझ्या भाचीसाठी अमेरिकेहून रॉकेटचा संच आणला. खोक्यात पुठ्ठ्याची नळी होती, प्लास्टिकचं टोक, बाल्सा लाकडाची पातळ फळी, रबराची पट्टी आणि घडी घातलेली हवाई छत्री. मोटर तेवढी नव्हती. बोटाएवढ्या कागदी नळीत काळी बारूद दाबून भरलेली असते, ती मोटर. प्रवासी विमानातून ती आणता येत नाही, आणि आपल्याकडे असल्या वस्तूंना 1884 पासूनचा स्फोटकांचा कायदा लागू होतो.

तरी आम्ही संच जोडला. जळगावच्या घरी, 26 जानेवारीला जोडून आलेल्या सुट्टीत. बाल्साचे पंख कापताना लाकडाचे तंतू पंखाच्या पुढच्या कडेला समांतर ठेवायचे असतात. भाचीने पहिला पंख आडव्या तंतूंचा कापला आणि तो चिमटीत धरताच मोडला. दुसऱ्या वेळी तिने फळी उजेडात धरून आधी तंतू पाहिले. एवढं शिकवलं म्हणून मला तो संच मोलाचा वाटतो.

या छंदाचा उगमही पोरांच्या काळजीतून झालेला आहे. अमेरिकेत नेब्रास्कामधल्या नॉरफोक गावी ऑर्व्हिल कार्लाइल नावाचे बुटांचे दुकानदार होते. 1954 च्या सुमारास त्यांनी भावासाठी कागदी नळीचं, मोटर बदलता येईल असं रॉकेट बनवलं. 1957 मध्ये स्पुटनिक गेला आणि मुलं लोखंडी नळ्यांत घरगुती दारू ठासून हातपाय गमावू लागली, तेव्हा कारखान्यात तयार झालेली ही छोटी मोटर कामाला आली. म्हणून भाचीने जेव्हा विचारलं, "मामा, दिवाळीच्या फटाक्यांची दारू काढून भरू या का?" तेव्हा मी जागच्या जागी नाही म्हटलं. त्या प्रश्नाला दुसरं उत्तर नाही.

बारूद नाही, मग उरलं पाणी आणि हवा. सव्वादोन लिटरची थंड पेयाची रिकामी बाटली घ्यायची, तिच्यात एक तृतीयांश पाणी, उरलेल्या जागेत सायकलच्या पंपाने हवा. तोंड खाली करून सोडली की हवा पाण्याला ढकलते, पाणी खाली सुटतं, बाटली वर जाते. ही बाटली तोलून धरणारा तळ बनवायला जळगावसारखं गाव नाही. बांभोरीला गिरणेच्या काठी पाइपांचा केवढा कारखाना उभा आहे, आणि गावोगावच्या ठिबकच्या दुकानांत अर्धा इंची पीव्हीसी पाइप, एल्बो, टी, एंड कॅप पोत्यांनी पडलेले असतात. अर्धा इंची पाइप बाटलीच्या तोंडात अगदी जवळून बसतो. फट बुजवायला रबरी रिंग. पंक्चरवाल्याकडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह आणून एंड कॅपला भोक पाडून बसवला. बाटलीच्या गळ्याला जी कड असते, तिला धरायला पाइपाभोवती गोलाकार केबल टाय बांधले, डोकी वर करून. त्यांच्यावर जाड पाइपाचा वीतभर तुकडा सरकवला की सगळी डोकी कडेला घट्ट पकडतात. दोरीने तो तुकडा खाली ओढला की पकड सुटते.

बाटलीवर गरम गोंद लावायचा नाही, उष्णतेने तिचं प्लास्टिक कमजोर होतं. पंख पुठ्ठ्याचे, चिकटपट्टीने बसवलेले. आणि उडवण्याआधी एकदा बाटली काठोकाठ पाण्याने भरून, ठरवलेल्यापेक्षा थोडा जास्त दाब देऊन पाहायची. पाणी दबत नाही, त्यामुळे फुटलीच तर नुसती भिजवते. हवेने भरलेली फुटली तर इजा करते.

छत्रीचा प्रश्न केळीच्या बागेने सोडवला. घडांवर चढवतात त्या स्कर्टिंग बॅगचं कापड इतकं हलकं आणि चिवट असतं की पॉलिथिनची छत्री त्यापुढे जड वाटते. एका बॅगेतून हातभर रुंदीचा आठकोनी तुकडा निघाला. आठ दोरे, आठ गाठी. भाचीने त्या दोन तास बांधल्या.

खरं काम त्यानंतरचं. रॉकेटला जोर मिळवून देणं सोपं आहे. ते सरळ जावं, हे हाताने घडवावं लागतं. वाऱ्याचा एकूण रेटा जिथे पडतो तो बिंदू वजनाच्या मध्यबिंदूच्या मागे असला पाहिजे, निदान बाटलीच्या एका जाडीएवढा. तसं असलं तर बाटली तिरकी झाली की वारा शेपटीला ढकलून तिला पुन्हा सरळ करतो. उलटं असलं तर कोलांट्या. रिकामी बाटली बोटावर तोलली, जिथे तोल सांभाळला तिथे दोरा बांधला, आणि अंगणात डोक्यावरून गरगर फिरवली. शेपूट पुढे, टोक मागे. भाचीला वाईट वाटलं. पंख मोठे केले, पुन्हा फिरवली, आता आडवी. मग टोकाच्या आत शाडूचा गोळा दाबला, थोडा थोडा वाढवत. चौथ्या वेळी टोक पुढे झालं आणि फिरवताना तसंच राहिलं. तोल रिकाम्या बाटलीचाच का पाहायचा, हे तिने आपणहून ओळखलं: "पाणी तर लगेच जाणार ना, मामा."

लगेच म्हणजे किती? 60 पीएसआय दाबाला ते पाणी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास सगळं बाहेर पडतं. तेवढ्या वेळात बाटलीला पंचवीस-तीस किलो वजनाएवढा रेटा बसतो. पुढचा सगळा प्रवास रिकाम्या प्लास्टिकचा, मिळालेल्या वेगावर.

कापूस निघून पऱ्हाट्या उपटलेल्या एका वावरात सकाळी आठला आम्ही तळ रोवला. दहा पावलं मागे, डोळ्यांना गॉगल. भाची पंपाचा काटा वाचत होती: चाळीस, पन्नास, साठ. दोरी ओढली. फस्स आवाज झाला, पांढरे तुषार पसरले आणि तळ रिकामा दिसला. वर पाहिलं तेव्हा बाटली एवढीशी झाली होती. टोक मात्र निघालं नाही, घट्ट बसलं होतं. बाटली सरळ खाली आली आणि ढेकळांत रुतली. दुसऱ्या वेळी टोक नुसतं टेकवून ठेवलं. शेंड्यावर वेग संपला, टोक घसरलं, छत्री उघडली.

उंची मोजायला कोनमापकाला ओळंबा लावला होता. तळापासून 30 मीटरवर उभं राहून शेंडा टिपला: 50 अंश. 30 गुणिले त्या कोनाचा स्पर्शक 1.19, वर डोळ्यांची उंची. सुमारे 37 मीटर. नववीत अजून न शिकवलेला स्पर्शक तिने वावरात वापरला. मी तिला सांगितलं की थुंब्याहून 20 नोव्हेंबर 1967 रोजी भारतात बनलेलं पहिलं रॉकेट गेलं, आरएच-75, त्याची जाडी 75 मिलिमीटर होती. तिने पट्टी घेऊन आमची बाटली मोजली. आमची जाड निघाली. त्यावर ती बराच वेळ गप्प होती.

होळीच्या आधी धुळ्याला, तिच्या घरी, पुन्हा उडवायचं ठरलं. लळिंगच्या बाजूला मोकळी जागा होती, पण वारा. साक्रीकडे ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच नाहीत. जमलेल्या मुलांना वाटलं, वारा रॉकेटला आपल्यासोबत पूर्वेला नेईल, म्हणून ती पूर्वेला जाऊन उभी राहिली. झालं उलट. वारा मागच्या मोठ्या पंखांना पूर्वेकडे रेटतो, तसं टोक पश्चिमेला वळतं. बाटली वाऱ्याच्या तोंडावर, तिरकी, पश्चिमेला गेली. मुलं ओरडत तिकडे धावली. तेवढ्यात वर छत्री उघडली, आणि आता मात्र वाऱ्याने तिला धरलं. केळीचं पांढरं कापड आमच्या डोक्यांवरून सावकाश परत पूर्वेला गेलं, मुलं आधी जिथे उभी होती त्याच्याही पुढे.

बांधावर एक आजोबा बसले होते. "काय करी राह्यनात रे?" भाचीने बाटली दाखवली, पाणी, पंप. "हाई पानीवर उडस?" त्यांनी बाटली हातात घेऊन उलटी केली, आत डोकावले, पंखांवरून अंगठा फिरवला. मग भाचीने पंखांचे तुकडे थोडे छाटले, वाऱ्याला धरायला कमी मिळावं म्हणून, आणि तोल जाऊ नये म्हणून पुन्हा दोऱ्याने फिरवून पाहिलं. टोक पुढेच राहिलं. तिने पाणी भरलं, पंप मारला, आणि दोरीचं टोक आजोबांच्या हातात दिलं.