दाहक आंत्रविकारावरील उपचारांत नियमित रक्ततपासणीचे महत्त्व

प्रस्तावना :
अल्सरेटिव्ह कोलायटिस व क्रोन्स डिसीज या दीर्घकालीन आजारांना एकत्रितपणे दाहक आंत्रविकार म्हणतात. त्यांवरील उपचार अनेक वर्षे चालतात. या काळात रक्ततपासणीतून दोन भिन्न प्रश्नांची उत्तरे शोधावयाची असतात : आजार आटोक्यात आहे काय, आणि औषधामुळे शरीरास अपाय होत नाही ना? या दोन प्रश्नांची गल्लत करणे रुग्णास महागात पडू शकते.

आजाराचे मापन :
१९५५ मध्ये ट्रुलव्ह व विट्स यांनी अल्सरेटिव्ह कोलायटिसची तीव्रता ठरविताना रक्तमिश्रित शौचाची संख्या, नाडी व ताप यांच्या जोडीला हिमोग्लोबिन आणि ईएसआर यांचा आधार घेतला. आज सीआरपी या प्रथिनाची तपासणीही केली जाते. यकृतात तयार होणाऱ्या या प्रथिनाचे अर्धायुष्य सुमारे १९ तास असल्याने दाह ओसरताच त्याचे प्रमाण लवकर उतरते. तथापि, अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये दाह असूनही सीआरपी अनेकदा सामान्य आढळते. अशा वेळी मलातील कॅलप्रोटेक्टिनची तपासणी किंवा दुर्बिणीद्वारे आतड्याची पाहणी आवश्यक ठरते. फेरिटिनबाबतही सावधगिरी हवी. दाहामुळे ते वाढत असल्याने लोहाची कमतरता झाकली जाऊ शकते.

औषधाची सुरक्षितता :
ॲझाथायोप्रिन हे औषध अस्थिमज्जेचे कार्य मंदावू शकते. पांढऱ्या पेशी घटत असताना रुग्णास बहुधा काहीच जाणवत नाही. प्रथम लक्षण म्हणून गंभीर जंतुसंसर्गच उद्भवू शकतो. एनयूडीटी१५ या जनुकातील बदलांमुळे हा धोका वाढतो, हे २०१४ मध्ये कोरियातील रुग्णांच्या अभ्यासातून पुढे आले. हे बदल युरोपीय लोकांपेक्षा आशियाई लोकांत अधिक आढळतात. म्हणून भारतीय रुग्णांसाठी ही बाब विशेष महत्त्वाची आहे. मात्र जनुकचाचणी निर्दोष असली तरी रक्तपेशींची गणना व यकृताच्या चाचण्या टाळता येत नाहीत. उपचाराच्या आरंभी त्या थोड्या थोड्या दिवसांनी, पुढे साधारणतः दर तीन महिन्यांनी केल्या जातात. कारण पेशी काही वर्षांनंतरही घटू शकतात.

समारोप :
सारांश, बरे वाटणे म्हणजे औषध निर्धोक असणे नव्हे आणि रक्ताचा अहवाल सामान्य असणे म्हणजे आतडे निरोगी असणे नव्हे. साध्या व तुलनेने स्वल्प खर्चाच्या या चाचण्या ठरल्या वेळी करणे, हा उपचाराचाच एक भाग होय.