‘ला’, ‘गे’ आणि इंग्रजीतलं ‘टू’

‘घरी मराठी-कानडी बोलू नका, मुलांचं इंग्रजी बिघडतं,’ असा सल्ला आपल्या भागातल्या पालकांना सर्रास मिळतो. काही घरांत तो इतका मनावर घेतला जातो, की आजीने नातवाशी बोलायचं तरी कसं, हाच प्रश्न होऊन बसतो. माझं माहेर मराठी, सासर कानडी. संध्याकाळी गल्लीतली पाच-सात मुलं माझ्याकडे इंग्रजीच्या अभ्यासाला येतात. त्यांच्या वह्या तपासताना मला वेगळंच दिसतं. काही चुका घरच्या भाषेतून येतात हे खरं, पण त्या सुधारण्याची किल्लीही घरातच असते.

देणं, दाखवणं, सांगणं ही रोजची क्रियापदं घ्या. यांना दोन कर्मं लागतात. ‘आजीने नातीला कुंदा दिला’ या वाक्यात कुंदा हे प्रत्यक्ष कर्म आणि नात हे अप्रत्यक्ष कर्म. म्हणजे एक वस्तू आणि एक घेणारा.

शाळेत आपण विभक्तीचे प्रत्यय घोकले होते, ते आठवून पाहा. मराठीत द्वितीयेचे आणि चतुर्थीचे प्रत्यय जवळजवळ सारखेच. ‘नातीला बघितलं’ इथेही ‘ला’ आणि ‘नातीला कुंदा दिला’ इथेही ‘ला’. कानडीचा हिशेब मात्र चोख आहे. द्वितीयेला ‘अन्नु’, चतुर्थीला ‘गे’, ‘इगे’ किंवा ‘क्के’. आपल्याकडे बोलताना ही रूपं आखूड होतात, पण फरक राहतोच.

आता हे वाक्य पाहा: ‘तिने बाळाला डॉक्टरांना दाखवलं.’ कोणी कोणाला पाहिलं? मराठीत दोन्हीकडे द्वितीया-चतुर्थीचे तेच प्रत्यय, त्यामुळे अर्थ आपण प्रसंगावरून लावतो. कानडीत ‘अवळु मगुवन्नु डॉक्टरिगे तोरिसिदळु’ म्हटलं की शंकाच नको. ‘अन्नु’ लागलं ते बाळ दाखवलं गेलं, ‘इगे’ लागलं त्या डॉक्टरांनी ते पाहिलं. शब्द मागेपुढे केले तरी अर्थ ढळत नाही.

इंग्रजीत असे प्रत्यय नाहीत. तिथे शब्दाची जागाच प्रत्ययाचं काम करते. ‘शी शोड द डॉक्टर द बेबी’ म्हणजे बाळ डॉक्टरांना दाखवलं. यात घेणारा आधी, वस्तू नंतर. वस्तू आधी आणायची तर घेणाऱ्यापुढे ‘टू’ लावायचा: ‘शी शोड द बेबी टू द डॉक्टर.’ आणि ‘टू’ न लावता नुसतीच अदलाबदल केली, तर ‘शी शोड द बेबी द डॉक्टर’, म्हणजे बाळालाच डॉक्टर दाखवले! प्रत्यय नसले की जागा चुकून चालत नाही, ती अशी.

मुलं मराठीतला प्रत्येक ‘ला’ उचलून त्याचा ‘टू’ करतात. म्हणून ‘त्याला बोलाव’चं ‘कॉल टू हिम’ होतं, ‘मी त्याला पाहिलं’चं ‘आय सॉ टू हिम’ होतं. अशा वेळी मी विचारते, ‘हेच कानडीत कसं म्हणशील?’ उत्तर येतं, ‘अवनन्नु करे’, ‘अवनन्नु नोडिदे’. ‘अन्नु’ आलं, मग ‘टू’ कशाला? पोरं लगेच ओळखतात. ही कसोटी सगळीकडे चालत नाही, हेही सांगायला हवं. कानडीत ‘अवनिगे सहाय माडु’, पण इंग्रजीत नुसतं ‘हेल्प हिम’. तरी दहातल्या बऱ्याच वाक्यांत ती वाट दाखवते.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे ‘एक्सप्लेन मी’. ‘टेल मी’ चालतं, ‘शो मी’ चालतं, मग ‘एक्सप्लेन मी’ का नाही? उत्तर इतिहासात आहे. टेल, शो, सेंड, लेंड, टीच, ब्रिंग ही इंग्रजीची जुनी घरची क्रियापदं, बहुतेक आखूड. ती घेणाऱ्याला थेट शेजारी बसवतात. एक्सप्लेन, डिस्क्राइब, सजेस्ट, डोनेट, इंट्रोड्यूस ही मुळात लॅटिनकडून, काही फ्रेंचमार्गे आलेली पाहुणी. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर अशा शब्दांचा ओघ वाढला. त्यांना ‘टू’ लागतो: ‘एक्सप्लेन इट टू मी’, ‘सजेस्ट अ बुक टू मी’. अपवाद दोन्हीकडे आहेत. ‘से’ घरचं असूनही ‘सेड टू मी’ म्हणावं लागतं, तर ‘ऑफर’ आणि ‘प्रॉमिस’ लॅटिन कुळातले असून ‘ऑफर्ड मी टी’ चालतं. तरी मुलांना हा घरच्या-पाहुण्यांचा नियम पटकन लक्षात राहतो.

आणखी एक बारकावा. काम दुसऱ्यासाठी केलं असेल तर ‘टू’ऐवजी ‘फॉर’ येतो. ‘मेक मी टी’ किंवा ‘मेक टी फॉर मी’. ‘राइट अ लेटर टू हिम’ म्हणजे पत्र त्याला जाणार; ‘राइट अ लेटर फॉर हिम’ म्हणजे त्याच्यासाठी किंवा त्याच्या वतीने लिहायचं. अर्जाच्या कागदावर हा फरक महाग पडू शकतो.

मला सर्वांत गंमत वाटते ती ‘हिम’ या शब्दाची. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत कानडीसारखीच दोन वेगळी रूपं होती. ‘हिम’ चतुर्थीचं, म्हणजे ‘अवनिगे’. आणि ‘हिने’ द्वितीयेचं, म्हणजे ‘अवनन्नु’. पुढे ‘हिने’ मावळलं आणि दोन्ही कामं ‘हिम’कडे आली, अगदी आपल्या ‘त्याला’सारखी. म्हणजे इंग्रजी कानडीच्या वाटेने निघाली आणि मराठीच्या मुक्कामाला येऊन थांबली!

आपल्या पट्ट्यात भाषा शेजारी राहून एकमेकींना वळण लावतात, हे अभ्यासकांनीही नोंदवलं आहे. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमधल्या मराठी, कानडी आणि उर्दू बोलींचा अभ्यास गंपर्झ आणि विल्सन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केला. शब्द वेगळे, पण वाक्यांची घडण इतकी जुळलेली, की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर व्हावं, असं त्यांना आढळलं. तो अभ्यास जगभर भाषाशास्त्राच्या वर्गात वाचला जातो.

तेव्हा आजीला गप्प बसवू नका. तिने नातीला मराठीत गोष्ट सांगावी, अव्वाने तीच कानडीत सांगावी. मग नातीने ती इंग्रजीत सांगताना प्रत्येक वाक्यात एवढंच शोधावं: देणारा कोण, वस्तू कोणती, घेणारा कोण? ज्या मुलाला हे दोन भाषांत ओळखता येतं, त्याला तिसरीत नुसती जागा शिकायची उरते.