घरासमोरचा रस्ता कोणाचा?

शहरात घर मिळणे कठीण आणि घर मिळाले तरी गाडी लावायला जागा मिळणे त्याहून कठीण. पहाटे मार्केटला जाणारा टेम्पो असो, दिवसभर धावणारी रिक्षा असो, की हप्त्यावर घेतलेली मोटारसायकल असो, रात्री ती उभी कुठे करायची यावरून वस्तीवस्तीत तंटे होतात. "रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?" हे वाक्य कानावर पडले नाही असा शहरवासी सापडणार नाही. वाचकहो, हाच प्रश्न जरा सभ्य भाषेत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढेही गेला होता.

वॉशिंग्टन या राजधानीसमोर, पोटोमॅक नदीच्या पलीकडे व्हर्जिनिया राज्यातला आर्लिंग्टन हा भाग आहे. तेथे क्रिस्टल सिटी नावाचे मोठे कचेऱ्यांचे संकुल उभे राहिले. त्याच्या जवळच ऑरोरा हायलँड्स ही राहत्या घरांची वस्ती. कचेऱ्यांत कामाला येणारे लोक आपल्या मोटारी या वस्तीतल्या रस्त्यांवर लावून कामावर जात. तेव्हा स्थानिक प्रशासनाने नियम केला की, कामाच्या दिवशी सकाळी 8 ते सायंकाळी 5 या वेळेत परवाना असलेली गाडीच तेथे उभी राहील. रहिवाशांना परवाना फुकट. त्यांच्याकडे कामासाठी येणाऱ्यांना आणि काही पाहुण्यांनाही परवान्याची सोय ठेवली होती. रहदारी, गोंगाट, धूर आणि कचरा कमी व्हावा, मुलाबाळांना रस्ता सुरक्षित राहावा, हा हेतू प्रशासनाने नियमातच लिहिला होता.

बाहेरून येणारे नोकरदार कोर्टात गेले. रस्ता सर्वांचा असताना रहिवासी आणि बाहेरचा असा भेद का, असा त्यांचा सवाल होता. व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली आणि हा नियम समतेच्या तत्त्वाला बाधक ठरवला. परंतु ऑक्टोबर 1977 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. वस्तीचे राहणीमान जपणे हा योग्य हेतू आहे आणि रहिवासी व बिगर-रहिवासी यांच्यात केलेला फरक तेवढ्याने अन्याय ठरत नाही, असे त्या न्यायालयाने सांगितले.

हा मुद्दा आपल्याला परका नाही. 'कायद्याचे समान संरक्षण' हे शब्द आपल्या राज्यघटनेच्या कलम 14 मध्येही आहेत. आपली न्यायालयेसुद्धा हेच तपासतात की, केलेल्या फरकाला सयुक्तिक आधार आहे काय आणि नियमाच्या हेतूशी त्याचा संबंध आहे काय.

परवाना म्हणजे राखीव जागा नव्हे

पुष्कळांची समजूत असते की परवाना मिळाला म्हणजे दारासमोरची जागा आपल्या मालकीची झाली. तसे नाही. परवाना म्हणजे त्या भागात कोठेही जागा मोकळी असेल तर गाडी लावण्याची मुभा. बोस्टन शहरात बीकन हिल नावाची जुनी वस्ती आहे. तिचे उदाहरण पार्किंगच्या अभ्यासात नेहमी दिले जाते. तेथे रस्त्यावरच्या जागा हजाराहूनही कमी आणि वाटलेले परवाने मात्र सुमारे चार हजार! जागा एक आणि तिचे हकदार चार, अशी गत झाली. फुकट किंवा नाममात्र दरात परवाने वाटले की ज्यांच्या घरी दोन-तीन मोटारी आहेत त्यांचेच फावते. ज्याच्याकडे गाडीच नाही त्याला त्या रस्त्यातून काय मिळाले, हे कोणी विचारत नाही.

नियम पाळला जातो की नाही हे पाहण्याच्या रीतीही निरनिराळ्या आहेत. गाडीच्या काचेवर भागाचे नाव किंवा अक्षर असलेला परवाना चिकटवायचा, ही जुनी रीत. आता अनेक शहरांत नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे आले आहेत. परवाना नसलेल्या गाडीला बहुधा तास-दोन तास थांबू देतात. ती किती वेळ उभी आहे हे कळावे म्हणून कर्मचारी टायरवर खडूची खूण करीत. या खडूवरूनसुद्धा खटले झाले. मिशिगन राज्यातील सॅगिनॉ शहराच्या प्रकरणात 2019 मध्ये न्यायालयाने ही खूण म्हणजे एक प्रकारची झडतीच ठरवली. सॅन डिएगो शहराच्या प्रकरणात मात्र 2022 मध्ये दुसऱ्या न्यायालयाने अशी खूण करायला हरकत नाही असे म्हटले. आपण ज्याला जॅमर म्हणतो ते चाकाला लावायचे कुलूप 1955 मध्ये डेन्व्हर शहरात प्रथम वापरात आले. तिकडे त्याला आजही 'डेन्व्हर बूट' म्हणतात.

दंड कोणाच्या माथी?

नियम कागदावर सर्वांना सारखा असतो. त्याची खरी परीक्षा वसुलीत होते. शिकागो शहरात गाडीच्या काचेवर दरवर्षी शहराचा स्टिकर लावावा लागतो. हा पार्किंगचा परवाना नव्हे, वाहनावरचा कर आहे. पण त्याचा दंड रस्त्यावर उभ्या गाडीलाच होतो. 2012 मध्ये हा दंड 120 डॉलरवरून 200 डॉलर करण्यात आला. वेळेत न भरल्यास विलंब-आकार आणि वसुलीखर्च धरून तो 488 डॉलरपर्यंत जाई. 2018 मध्ये पत्रकारांनी आकडेवारी तपासली. दरमाणशी सर्वाधिक दंडाची थकबाकी असलेल्या दहा विभागांपैकी आठ विभाग कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेले निघाले. थकबाकीपायी गाडी जप्त होई आणि वाहन चालवण्याचा परवानाही निलंबित होई. गाडी नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून दंड भरायला पैसा नाही! या फेऱ्यातून सुटण्यासाठी हजारो गरिबांनी कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज केला. बराच आवाज उठल्यावर 2020 मध्ये इलिनॉय राज्याने कायदा केला आणि पार्किंगच्या थकीत दंडापायी चालक-परवाना निलंबित करणे बंद केले.

आपल्याकडे हे वारे केव्हाच पोचले आहे. जुलै 2019 मध्ये मुंबई महापालिकेने सार्वजनिक वाहनतळांच्या आसपास रस्त्यावर लावलेल्या चारचाकीला 10,000 रुपयांपासून पुढे दंड लावला होता. मे 2025 मध्ये राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी, जागा असल्याचा दाखला दिल्याशिवाय नव्या वाहनाची नोंदणी होणार नाही, असे जाहीर केले. जपानमध्ये अशा दाखल्याचा कायदा 1962 पासून आहे. शिस्त हवी यात वाद नाही. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाची गाडी गल्लीत शिरू शकली नाही तर जीव आपलाच जातो.

म्हणूनच असा नियम आपल्या वॉर्डात येईल तेव्हा नुसते कुरकुरत बसू नये. काही प्रश्न आधीच विचारावेत. रहिवासी कोणाला म्हणणार? भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचे वीजबिल घरमालकाच्या नावावर असते, त्याने पुरावा कोणता द्यायचा? चाळीतल्या आणि झोपडपट्टीतल्या कुटुंबाच्या रिक्षाला, टेम्पोला जागा मिळणार काय? एका घराला किती परवाने देणार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मोटारीला जादा आकार लावणार काय? दंड हप्त्याने भरता येईल काय, आणि तो चुकीचा असेल तर दाद कोणाकडे मागायची?

हरकती आणि सूचना मागवल्या जातात तेव्हा चार घरांनी मिळून अर्ज लिहावा, त्याची पोच घ्यावी आणि ती जपून ठेवावी. घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी या कामी पुढे व्हावे. रस्ता कोणाच्याही बापाचा नाही, तो सर्वांचा आहे. पण नियम लिहिला जात असताना जो गप्प बसतो, त्याच्या वाट्याला पुढे फक्त दंडाची पावती येते.