ऊब हवी, धूर नको

कापसाची वेचणी रंगात येते, तुरीला शेंगा धरू लागतात आणि वर्धा जिल्ह्यातील पहाटा बोचऱ्या होतात. उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत तापणाऱ्या या भूमीत थंडीची लाट आली म्हणजे पारा १० अंशांच्याही खाली उतरतो. अशा दिवसांत घरातील लहानथोरांची पावले आपोआप एकाच जागेकडे वळतात, ती म्हणजे स्वयंपाकघर. चुलीपुढे हात शेकत घेतलेला चहा आणि तव्यावरून थेट ताटात पडणारी ज्वारीची भाकरी यांचे सुख निराळे सांगावयास नको. मात्र जो विस्तव ऊब देतो, तोच हवा कोंडलेल्या खोलीत जिवावर बेततो. म्हणून हिवाळ्यातील स्वयंपाकघराचा विचार करताना पदार्थांइतकाच विस्तवाचाही विचार करणे अगत्याचे ठरते.

कवेलूचे घर आणि स्लॅबची खोली

पूर्वीच्या कवेलूच्या घरात शेगडी आत आणण्याची पद्धत होती आणि त्यातून क्वचितच अनर्थ घडे, असे वडीलधारी मंडळी सांगतात. त्याचे कारण शेगडीत नसून छपरात आहे. कवेलूंच्या फटींतून, कुडाच्या भिंतींतून आणि दाराखालून हवा सतत खेळती राहत असे. तीच शेगडी आज स्लॅबच्या, काचेच्या खिडक्या घट्ट लावलेल्या खोलीत ठेवली जाते. सवय जुनी राहिली, घर मात्र बदलले. धोका नेमका येथे आहे.

कोळसा, गोवरी किंवा लाकूड यांना जळताना पुरेसा प्राणवायू मिळाला नाही, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो आणि तो डोळ्यांनाही झोंबत नाही. धूर संपून निखारे लाल झाले म्हणजे शेगडी ‘निर्धोक’ झाली, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात धुमसणारे निखारेच हा वायू मोठ्या प्रमाणात सोडतात. रक्तातील हिमोग्लोबिनशी त्याची जवळीक प्राणवायूच्या तुलनेत दोनशे पटींहूनही अधिक असते. त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. झोपलेल्या माणसाला तर याची जाणीवही होत नाही.

डोके जड होणे, मळमळ, चक्कर, अंगातील त्राण जाणे आणि गुंगी ही त्याची लक्षणे होत. ताप नसताना घरातील दोघातिघांना एकाच वेळी असे वाटू लागले आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटले, तर संशय शेगडीवरच घ्यावा. कोरोनाच्या काळात अनेक घरांत बोटाला लावून प्राणवायू मोजणारे यंत्र आले. या विषबाधेत त्यावर विसंबू नये. रक्तात प्राणवायू आहे की कार्बन मोनॉक्साइड, हा फरक ते साधे यंत्र ओळखू शकत नाही आणि आकडा फसवा चांगला दाखवते. दारे-खिडक्या उघडून रुग्णाला तात्काळ बाहेर आणावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व विलंब न लावता रुग्णालय गाठावे. तेथे दिला जाणारा प्राणवायू हाच यावरील प्रमुख उपचार आहे.

बाळंतिणीच्या खोलीत तर अधिकच दक्षता हवी. वारा लागू नये म्हणून दारे लावून घेणे, खाटेखाली शेगडी ठेवणे, ओवा-बाळंतशेपांची धुरी देणे हे सारे मायेपोटी होते. परंतु नवजात बाळाची फुफ्फुसे त्यासाठी तयार नसतात. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालणे, डोक्याला टोपडे आणि पायांत मोजे घालणे ही ऊब शेगडीहून सुरक्षित आहे. बाळंतिणीला शेक द्यावयाचाच असेल, तर निखारे न वापरता कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी घ्यावी.

मगनवाडीतून निघालेली चूल

स्वयंपाकघरातील धुराचा प्रश्न शास्त्रीय दृष्टीने हाताळण्याचे काम याच जिल्ह्यात फार पूर्वी झाले, हे नव्या पिढीला फारसे ठाऊक नसते. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या वर्ध्यातील जागेत संघाचे काम सुरू झाले. गांधीजींचे निकटचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ ही जागा मगनवाडी म्हणून ओळखली जाऊ लागली. अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी येथे ग्रामोद्योगांच्या प्रयोगांची धुरा वाहिली. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. घाणीचे तेल, हातसडीचा तांदूळ, गूळ यांच्या जोडीने गृहिणीची चूल हाही या मंडळींच्या अभ्यासाचा विषय होता. त्यातूनच स्वातंत्र्याच्या सुमारास ‘मगन चूल’ पुढे आली.

या चुलीची रचना साधी आहे. विस्तवाचे तोंड एकच; मात्र भांड्यांसाठी दोन किंवा तीन वैलांची ओळ. पहिल्या भांड्याखालची ज्वाळा आणि गरम वायू आतील बोगद्यातून पुढच्या भांड्यांखाली जातात व शेवटी धुराड्यातून छपराबाहेर पडतात. एकाच सरपणात भाकरी होते, डाळ शिजते आणि मागच्या वैलावर पाणी तापते. गृहिणीच्या डोळ्यांत जाणारा धूर आकाशात जातो. परंतु धुराड्यातील काजळी वेळोवेळी काढली नाही किंवा चुलीला पडलेल्या भेगा लिंपल्या नाहीत, तर ओढ मंदावते आणि धूर पुन्हा घरात शिरतो. चूल बांधून देणे सोपे, ती जोपासणे अवघड, हा सुधारित चुलींच्या बाबतीत देशभर आलेला अनुभव आहे.

हा प्रश्न लहान नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गावोगावी गॅस पोहोचवला. तरीही सिलिंडर संपले की शेतातील पऱ्हाट्या आणि तुराट्या कामी येतात. घरी गुरे असतील तर शेणखताच्या गॅसचा पर्याय आहे. थंडीत जिवाणूंचे काम मंदावत असल्याने हा गॅस कमी पडतो. अशा वेळी शेण कालवताना कोमट पाणी वापरल्यास काहीसा लाभ होतो.

गॅसचेही काही नियम आहेत. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. वास येताच रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण दाबू नये आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. सिलिंडर नेहमी उभे व शेगडीच्या पातळीपेक्षा खाली असावे. गॅसचा बर्नर पेटता ठेवून खोली तापवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. न्हाणीघरातील गॅस गीझरलाही हेच लागू होते. झरोका बंद करून त्याचा वापर करू नये.

ताटातील ऊब

बाहेरच्या विस्तवाइतकीच ऊब ताटातूनही मिळते. अन्नाच्या पचनात व चयापचयात शरीरात उष्णता निर्माण होते. हिवाळ्यात भूक वाढलेली असते आणि निसर्गही त्याच सुमारास नवे धान्य, ओल्या शेंगा व कोवळ्या भाज्या हाती देतो. तुरीच्या ओल्या दाण्यांना, म्हणजे सोल्यांना, या दिवसांत घरोघरी मान असतो. सोले-वांग्याची रस्साभाजी, सोलेभात किंवा नुसत्या मीठ घालून उकडलेल्या शेंगा, प्रत्येकाची गोडी वेगळी. पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या कोवळ्या वांग्यांचे भरीत, त्यात ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, पातीचा कांदा आणि वरून कच्चे तेल, सोबत जवसाची चटणी आणि भाकरी. एवढ्यावर पंगती उठतात. रंगाला हळद समुद्रपूर तालुक्यातील वायगावची असेल तर उत्तमच. या हळदीला भौगोलिक मानांकन लाभले आहे.

थंडीच्या रात्री घरातील सर्वांना जवळ आणणारा पदार्थ म्हणजे गोळाभात. हरभरा डाळीच्या वाटीभर भरड्यात तिखट, मीठ, हळद, हिंग, जिरे आणि दोन मोठे चमचे गरम तेलाचे मोहन घालावे. थोडे थोडे पाणी शिंपडून घट्ट भिजवावे व लिंबाएवढे गोळे वळावेत. दोन वाट्या तांदूळ उघड्या पातेल्यात शिजत ठेवावेत. पाणी आटत आले, शीत अर्धवट मऊ झाले, की गोळे भातात अलगद रोवून झाकण ठेवावे व मंद आचेवर वाफ काढावी. गोळा मोडून आतपर्यंत कोरडा शिजलेला दिसला म्हणजे भात झाला. ताटात गोळा भातात कुस्करून वर मोहरी, हिंग व लाल मिरचीची कडकडीत फोडणी घ्यावी. सोबत ताकाची कढी असावी. मोहन कमी पडले तर गोळे दडस होतात आणि पाणी अधिक झाले तर ते भातात विरघळतात, एवढे ध्यानात ठेवावे.

गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजले जाणारे रोडगे हाही हिवाळ्याचाच थाट. रोडग्यांचा बेत शेतात, आमराईत किंवा अंगणातच शोभतो. त्यामागे हौस असेलही. परंतु धुमसत्या गोवऱ्यांची जागा मोकळ्या आभाळाखाली, हा शहाणपणाचा धडाही त्या रीतीत आहे. रोडगे पोटभर खाल्ल्यानंतर उरलेले निखारे घरात नेण्याचा मोह मात्र आवरावा. पाणी टाकून विस्तव पुरता विझवावा आणि मगच दार लावावे. थंडीला एखादी गोधडी अधिक लागेल. पण सकाळी साऱ्या घराने पुन्हा चुलीभोवती जमावे, यापरती दुसरी ऊब नाही.