जुन्या मोटारींच्या जन्मखुणा

एखादी जुनी मोटार रंगरंगोटी करून रस्त्यावर आली, कीं पाहणाऱ्यांची नजर तिच्या चकचकीत दिव्यांवर, लांकडी आऱ्यांच्या चाकांवर आणि ऐटदार टपावर खिळून राहते. जाणत्याची रीत मात्र निराळी. तो हातांत बत्ती आणि मऊ फडकें घेऊन प्रथम इंजिनाच्या कुशीशीं वांकतो. मोटार कोणत्या सालची, कोणत्या कारखान्यांतली आणि तींत मुळांतलें किती शिल्लक, या प्रश्नांचीं उत्तरें रंगांत नसून लोखंडावरील चार-सहा आंकड्यांत असतात, हें त्यास ठाऊक असतें.

कारखान्याच्या खुणा तीन जातींच्या असतात. पोलादी ठसा हातोडीनें ठोकून उमटविलेला क्रमांक ही पहिली. लोखंड सांच्यांत ओततांनाच उठलेलीं अक्षरें ही दुसरी. आणि रिवेटांनीं जडविलेली धातूची पट्टी ही तिसरी. विश्वासाच्या दृष्टीनें तिघींची पायरी सारखी नव्हे. दोन-चार रिवेट काढले, कीं पट्टी एका मोटारीवरून दुसरीवर जाते. ठोकलेला क्रमांक कानशीनें घासून नवा ठोकतां येतो. ओतीव अक्षरें मात्र त्या लोखंडाच्या अंगचींच असल्यामुळें तीं बदलणें फार अवघड. म्हणून एकाच खुणेवर भिस्त न ठेवतां तिघींची साक्ष परस्परांशीं ताडून पाहणें, हें या विद्येचें मूलसूत्र होय.

उदाहरणार्थ, फोर्डची ‘मॉडेल टी’ घ्यावी. १९०८ पासून १९२७ पर्यंत या जातीच्या सुमारे दीड कोटी मोटारी बाहेर पडल्या. हिच्या इंजिनाचा क्रमांक तोच मोटारीचा क्रमांक. चालकाच्या आसनावर बसून पाहतां जी डावी बाजू, त्या अंगास इंजिनांत पाणी शिरण्याच्या तोंडावर तो ठोकलेला असतो. पुष्कळ इंजिनांवर याखेरीज ओतकामाची तारीखही उठलेली आढळते. ती अमेरिकन रीतीची, म्हणजे आधीं महिना, मग दिवस, मग साल; ‘९-१२-२५’ याचा अर्थ १२ सप्टेंबर १९२५, ९ डिसेंबर नव्हे.

आतां या दोन खुणांची सांगड पाहावी. आधीं लोखंड ओतलें जातें, मग तें तासलें जातें, मग इंजिन जुळून त्यावर क्रमांक पडतो. अर्थात् ओतकामाची तारीख नेहमीं क्रमांकाच्या आधींची असली पाहिजे. क्रमांक १९२३ चा आणि ओतकाम १९२५ चें असें दिसलें, तर क्रमांक मागाहून ठोकलेला आहे हें उघड झालें. त्यांत लबाडीच असेल असें नव्हे. फुटलेल्या इंजिनाच्या जागीं दुसरें बसवून त्यावर जुनाच क्रमांक घातलेलाही असूं शकतो. शिवाय मोटार १९२७ सालीं बंद झाली तरी तिचीं इंजिनें १९४१ पर्यंत निघत होतीं. त्यामुळें उत्तरकालीन इंजिन पोटांत बाळगणारी मोटार स्वतः जुनी असणें सर्वथा शक्य आहे.

१९२७ च्या २० ऑक्टोबरला ‘मॉडेल ए’ चें पहिलें इंजिन तयार झालें, आणि त्यावर क्रमांक खुद्द हेन्री फोर्ड यांनीं ठोकला. या जातींत क्रमांकाच्या दोन्ही टोकांस चांदणीची खूण असते. आणि तोच क्रमांक चॅसीच्या, म्हणजे खालच्या पोलादी सांगाड्याच्या, डाव्या तुळईवरही असतो. परंतु तो बॉडीखालीं झांकला जात असल्यामुळें बॉडी उचलल्याखेरीज दिसत नाहीं. ज्यास इंजिन बदलावयाचें असतें, त्याचा हात येथपर्यंत सहसा पोंचत नाहीं. म्हणून ही दडलेली साक्ष बहुमोल ठरते.

बॉडीचा क्रमांक ही गोष्टच वेगळी. फोर्डच्या पुष्कळ बॉड्या ब्रिग्ज आणि मरे या बाहेरच्या कारखान्यांत बनत, आणि तेथें त्यांची मोजणी स्वतंत्र चाले. ‘मॉडेल ए’ च्या टाउन सिडानवर ‘१५५-ए’ असेल तर बॉडी मरेची, ‘१५५-बी’ असेल तर ब्रिग्जची. बॉडीचा आंकडा इंजिनाशीं जुळत नाहीं म्हणून नवखा माणूस घाबरतो. वस्तुतः तो जुळावयाचाच नसतो. रोल्स-रॉइसचेंही असेंच. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं ती कंपनी केवळ चॅसी व यंत्र पुरवी. वरचा साज हूपर किंवा बार्कर यांच्यासारखे कारागीर चढवीत आणि आपला क्रमांक निराळा घालीत.

हिंदुस्थानांत आलेल्या जुन्या फोर्ड मोटारींवर आणखी एक खूण सांपडते. ब्रिटिश साम्राज्यांतील बहुतेक देशांस फोर्ड मोटारी कॅनडांतून पुरविल्या जात. तेथील ‘मॉडेल टी’ च्या क्रमांकाआधीं ‘सी’ हें अक्षर, आणि ‘मॉडेल ए’ च्या आधीं ‘सीए’ हीं अक्षरें असतात. तेव्हां मुंबई-पुण्याकडील मोटारीवर हें अक्षर पाहून तो खोटा ठसा समजूं नये. उलट तिच्या प्रवासाशीं तें सुसंगतच आहे. जनरल मोटर्सनें तर १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें सुटे भाग जुळविण्याचा कारखाना काढला होता. त्या कंपनीच्या शेव्हरोले मोटारींच्या ओतीव भागांवर महिन्यासाठीं अक्षर येतें: ‘ए’ म्हणजे जानेवारी, ‘बी’ म्हणजे फेब्रुवारी. सालाचा मात्र पुष्कळदां शेवटचाच आंकडा असतो. ८ म्हणजे १९२८ कीं १९३८, हें बाकीच्या घडणीवरून ठरवावें लागतें.

ठसा अस्सल कीं बनावट, हें कसें ओळखावें? भोंवतालच्या पृष्ठभागावर कानशीचे ओरखडे, तेवढ्याच जागीं आलेला सखलपणा, कारखान्याच्या वळणाशीं न जुळणारे आंकडे, हीं संशयाचीं कारणें होत. उलट हातानें ठोकलेल्या अस्सल आंकड्यांची ओळ थोडी वांकडी असणें स्वाभाविक आहे. ठशाच्या घावानें पोलादाचे कण आंतपर्यंत दाबले जातात. म्हणून वरचा आंकडा घासून टाकला तरी तज्ज्ञांस योग्य आम्लद्रव्यानें तो कांहीं वेळां पुन्हां उठवितां येतो. घरच्या माणसानें मात्र असले प्रयोग करूं नयेत. वाळूचा झोत, कानस आणि खरखरीत कागद यांनीं गंजाबरोबर पुरावाही जातो. तेल मुरूं द्यावें, मऊ ब्रशानें मळ काढावा, तिरपा उजेड टाकावा आणि छायाचित्र घेऊन ठेवावें, इतकें पुरे.

हा केवळ हौशी लोकांचा खेळ नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखालील नोंदणींत इंजिन व चॅसी यांचे क्रमांक लिहिले जातात. २०२१ च्या नियमांनीं पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांस ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळूं लागली; पण चॅसी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी तिची अट आहे. आजोबांच्या वेळची मोटार विकावयास काढणाऱ्या कुटुंबाची अब्रू आणि ती घेणाऱ्याची पुंजी, दोन्ही त्या आंकड्यांवर अवलंबून असतात. कोरी करकरीत पट्टी आणि आंत भलतेंच इंजिन, म्हणजे नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा. त्यापेक्षां बदललेलें इंजिन बदललेलें म्हणून सांगणारी मोटार शतपट बरी. तिच्या अंगावरील विसंगत आंकडेही तिच्या आयुष्याचाच इतिहास असतात. ते पुसून टाकण्यापेक्षां वाचून लिहून ठेवणें, हेंच तिचें खरें जतन होय.